मराठीत सांगितलेलं

शनिवार, कॅरी (अमेरिका)

आज लिहायला बसले, कारण माझ्या तोंडामुळे माझ्या मुलाची संधी गेली.

कोपराच्या ऑपरेशननंतर निखिल आज पहिल्यांदाच कॉलेजच्या बेसबॉल टीमसाठी सुरुवातीपासून पिचिंग करणार होता. वॉर्म-अप करताना जाळीपाशी येऊन हसत म्हणाला, "आई, कोपर परत ठणकतंय. कोणाला सांगू नकोस हं." कोच शेजारीच उभे होते. चारचौघांत कळू द्यायचं नसेल ते मराठीत बोलायचं, हे वळण त्याला मीच लावलेलं. कोचनी सहज विचारलं, "काय म्हणतोय?" आणि मी सांगून टाकलं. इंग्रजीत, एका वाक्यात.

त्यांनी त्याच्या हातातला बॉल घेऊन दुसऱ्या पिचरला दिला. तो मुलगा छान खेळला. आता ती जागा त्याचीच झाली तर?

हात वाचला, हे खरं. पुन्हा विचारलं तरी मी सांगेनच. मग जेवण का गेलं नाही? जाळीला नाक लावून, हसत सांगितलं होतं त्यानं.

गाडीत कोपरावर बर्फाची पिशवी धरून बसला. दारात वितळलेल्या बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली नि म्हणाला, "थँक्स फॉर कमिंग, मॉम."