साळिंदराच्या बँकेतला घोटाळा

नावन, आयर्लंड
२१ मार्च २०२१

प्रिय लता,

बारा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडून टाकावंसं वाटलं असेल, तर आधी एवढं वाच, मग काय ते ठरव. नागपुरात पुन्हा लॉकडाऊन लागल्याचं कळलं. तू सुखरूप असशील अशी आशा करते. तुझा पत्ता आपल्या शाखेतल्या वीणाकडून घेतला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी लेकीकडे, यामिनीकडे, तीन महिन्यांसाठी आले आणि इथेच अडकले. नावन हे डब्लिनपासून तासाभरावरचं गाव. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, त्यामुळे नदीकाठी फेरी आणि स्वयंपाक, एवढंच माझं जग. नात ईशा नऊ वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर देते. माझी आमटी तिला "ग्रँड" लागते, म्हणजे झकास. जावई विक्रांत वरच्या खोलीतून काम करतो आणि यामिनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून. म्हणजे तिचं ऑफिस आणि माझी शेगडी समोरासमोर.

तुला हसू येईल, पण मी पुन्हा एका बँकेत काम केलं. जादूच्या.

यामिनीची कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. अठराच माणसं, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात ऑफिस. त्यांच्या नव्या खेळात एक मायावी राज्य आहे आणि खेळणारे सगळे जादूगार. तिथलं चलन म्हणजे चांदीची पिसं. प्रत्येक शहरात एका जुन्या झाडाच्या ढोलीत बँक, आणि गल्ल्यावर चष्मा लावून बसलेलं साळिंदर. एका शहरातली पिसं दुसऱ्या शहरात काढायची असतील, तर झाडाच्या पानावर आकडा लिहून द्यायचा. ते पान घेऊन कावळा पहिल्या शहरात जातो आणि खात्यात तेवढी पिसं आहेत का ते बघून येतो. आपला चेकच की!

जानेवारीत त्यांनी हजारभर लोकांना खेळून बघायला दिलं आणि सगळं बिघडलं. सोमवारी चाळीस पिसांना मिळणारी उडती घोंगडी शुक्रवारी चार हजारांना. नव्यानं आलेल्या मुलांना साधा मंत्र विकत घेता येईना. इतकी पिसं येतात कुठून, हे तिघा इंजिनिअरांना दोन आठवडे सापडलं नाही. पैसे घालणाऱ्यांनी बजावलं, महिनाभरात दुरुस्त झालं नाही तर आम्ही बाहेर. कंपनी बुडाली असती तर यामिनीचं इथे काम करायचं परमिटही अडचणीत आलं असतं, कारण ते त्या नोकरीवरच होतं. एका सकाळी मीटिंग संपल्यावर ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

मी शेगडी बंद केली. म्हटलं, "मला ते साळिंदर दाखव."

"आई, प्लीज. तुला काय कळणार त्यातलं?"

"तीस वर्षं बँकेत काढलीत मी. दाखव."

ईशानं मला खेळायला बसवलं. साळिंदराला ती "युअर मॅन" म्हणते. इकडे कुणाचाही उल्लेख असाच करतात. मी पान दिलं. युअर मॅननं लगेच पिसं मोजून माझ्या हातावर ठेवली. कावळा अजून फांदीवरच बसलेला!

लता, ही चाल आपल्या ओळखीची. पहिल्या शहराचं पान दुसऱ्यात द्यायचं आणि पिसं घ्यायची. कावळा पोचायच्या आत दुसऱ्या शहराचं पान पहिल्यात द्यायचं आणि तिथलं भोक बुजवायचं. खात्यात काहीच नाही, पण दोन्हीकडे पिसं दिसत राहतात. दर फेरीला पान थोडं मोठं. इतवारीचा तो कापडवाला महाल शाखेचा चेक आपल्या शाखेत आणि आपल्या शाखेचा महालला टाकून दुसरं काय करत होता?

दुसऱ्या दिवशी यामिनीनं मला तिच्या मालकासमोर, फर्गलसमोर, कॅमेऱ्यापुढे बसवलं. पैसे घालणारे दोघेही होते. मी माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत सगळं समजावलं. फर्गल भला माणूस, पण त्याचा विश्वास बसेना. त्यानं विचारलं, "सुमित्रा, तुम्ही हे स्वतः पाहिलंय का?"

असाच प्रश्न मला एकदा आधी विचारला गेला होता. या वेळी मी म्हटलं, "हो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या शाखेत."

"मग काय झालं?"

त्यावर मी काय सांगितलं ते लिहायचंच आहे. पण आधी गोड बातमी सांगू दे.

कावळा परत आल्याशिवाय पिसं द्यायची नाहीत, असा नियम मी घालायला लावला. एक इंजिनिअर म्हणाला, लोक थांबणार नाहीत. मी म्हटलं, जुन्या गिऱ्हाइकाला थोडी आधी द्या, आपण नाही का द्यायचो? आधीच झालेल्या खोट्या पिसांवर ईशानं तोडगा काढला. कावळ्यानं खरी पिसं तपासून त्यांवर शिक्का मारला, मग राज्यात तीन दिवस जादूचा पाऊस पाडला आणि कावळ्याचा शिक्का नसलेली पिसं त्यात विरघळून गेली. घोंगडी पुन्हा चाळीसवर आली! पाच मार्चला खेळ बाजारात आला. पहिल्या आठवड्यात साठ हजार लोकांनी घेतला. अठरा जणांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. फर्गलनं त्या साळिंदराचं नाव सुमित्रा ठेवलं, आणि माझा चष्मा बघून त्याचा चष्माही बदलला. विक्रांतनं शिरा केला, गुठळ्यांसकट, आणि आम्ही चौघं स्वयंपाकघरात नाचलो. त्रेसष्टाव्या वर्षी मी नाचले, लता.

आता ते.

"मग काय झालं?" असं फर्गलनं विचारल्यावर मी खरं सांगितलं. म्हटलं, माझ्या मैत्रिणीची नोकरी गेली, आणि मी गप्प बसले.

त्या कापडवाल्याचे चेक तू आपल्या मनानं पास केले नव्हतेस. तू ते घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेलीस तेव्हा मी केबिनमध्ये चाव्या द्यायला उभी होते. "पास करा, मी बघतो," असं ते म्हणाले. मी ऐकलं. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी "काही ऐकलं नाही" म्हटलं. माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. ती बढती मिळाली. त्या खुर्चीत मला एक दिवस सुखाचा गेला नाही, म्हणून तीन वर्षांत राजीनामा दिला. नातीसाठी नोकरी सोडली, असं सगळ्यांना सांगत राहिले. यामिनीलाही. परवा टेबलाशी बसवून तिला सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉप बंद केला. मग म्हणाली, "आई, मी गाडी काढते."

त्याच दुपारी इथल्या नोटरीपुढे मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. तारीख, वेळ, साहेबांचे शब्द, आणि चौकशीत मी खोटं बोलले हेही त्यात आहे. तुझी केस अजून कोर्टात आहे, असं वीणा म्हणाली. मूळ प्रत सोबत जोडली आहे, वकिलांना दे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ दे. विमानं सुरळीत झाली की येतेच. माफी तुझ्या दारात उभी राहून मागेन. तू दार उघडलं नाहीस, तरी साक्षीच्या पिंजऱ्यात मी असेनच, आणि मोठ्यानं बोलेन.

"पास करा, मी बघतो" हे शब्द ऐकलेली,
सुमित्रा