मिशीचा मानकरी

दि. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण, मी भलत्याच पेचात सापडलो आहे. विद्यापीठाच्या ऑनर्स विभागाचं गौरव दालन उघडतंय आणि पहिला मानकरी निवडणाऱ्या समितीचा मी चिटणीस. चित्रकाराला मे महिन्यात सवड होती, समितीला नव्हती. म्हणून दालनात लावायचं मानकऱ्याचं तैलचित्र आधी काढून घेतलं. मानकरी कसा दिसतो यावर सगळ्यांचं एकमत होतं: टक्कल, झुपकेदार मिशी, जरासा नाराज चेहरा. चित्र झकास झालंय. आता तसा दिसणारा माजी विद्यार्थी शोधतोय. काल एक नामांकित सर्जन निव्वळ दाट केसांमुळे बाद झाले.

भावोजीही ऑनर्सचेच. टक्कल आहे, नाराजी आहे, मिशी तेवढी वाढवायची. गोड बोलून त्यांच्या गळी उतरव ना!

लोभ आहेच, तोही मिशीबरोबर वाढावा.
तुझा धाकटा

दि. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे हरखूनच गेले. वस्तरा कपाटात गेला आणि रोज आरशासमोर नाराज व्हायचा सराव चालतो. मान कशाबद्दल मिळतोय हे त्यांना आठवेना, आणि मलाही सांगता येईना. ऑनर्सला हे माझ्या टिपणांवर तरले होते.

त्या वर्षी पहिली कोण आली, ते तुला ठाऊक आहे. तुमची समिती रोज ज्या पुलावरून येते, तो कुणी उभा केला तेही ठाऊक आहे. माझं नाव मात्र तुझ्या तोंडून निघालं नाही. मला वाईट वाटलं, सरळच लिहिते.

आशीर्वाद आहेत, या खेपेला जरा हात आखडून.
ताई

दि. २० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शरमेने लिहितोय. काल सभेत तुझं नाव मांडलं. विरोध कुणीच केला नाही. सगळे म्हणाले, बाई लायक आहेत, पण चित्राचं काय? अध्यक्षांनी तर विचारलं, बाईंची मिशीला हरकत आहे का. मी टेबलावर असा हात आपटला की सगळ्यांच्या कागदांवर पाणी सांडलं.

शेवटी तडजोड निघाली. चित्रकार मिशी पुसून टकलावर अंबाडा काढून देईल. मिशीची सावली थोडी राहील म्हणतो, पण दालनात तसाही उजेड कमीच आहे. तुझा फोटो पाठव. आणि भावोजींना माझ्या वतीने तूच समजाव, माझी हिंमत नाही.

माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. २६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

यांना सांगितलं. वाटलं, रुसून बसतील. पण आत गेले ते मिशी उतरवूनच बाहेर आले. म्हणाले, तुझ्या टिपणांवर पास झालो तेवढं पुरे. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं हसत होतो.

फोटो मी पाठवत नाही. मला तो मान हवा आहे, अगदी मनापासून हवा आहे. पण कुणा नाराज गृहस्थाला पुसून त्याच्यावर मला रंगवायचं नाही. सोमवारी मी स्वतः येते. चित्रकाराला सवड नसेल तर थांबेन. थांबायची मला सवय आहे. फक्त आता अध्यक्षांच्या खुर्चीत बसून थांबेन.

लोभ जुनाच राहू दे, कॅनव्हास तेवढा नवा आण.
ताई