भातातल्या निवट्या

पेण तालुका,
१६ ऑगस्ट १९९३

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का? तिला भजी बंद करा, माझं नाव सांगून.

तुम्ही विचारलंत, तुमचं न्यायशास्त्र चौथीच्या पोरांना झेपतं का. नको इतकं झेपतं. धूर दिसला की विस्तव असणार, हे तुम्ही मला रोह्याच्या घरात चुलीपुढे बसवून शिकवलंत, तसंच मी शिकवलं. मग रोज एकेकाने काहीतरी बघून यायचं आणि त्यावरून काय कळतं ते सांगायचं.

सरू उठली. "बाई, आमच्या भातात निवट्या गावल्या. निवटी खाऱ्या चिखलातच ऱ्हाते. म्हंजे खाडीचं पानी आत येतंय. म्हंजे बांध फुटंल."

गाव मात्र खूश आहे. खाडीवर न जाता मासळी मिळते, घरोघर निवट्यांचं कालवण. मलाही वाटीभर आलं. मी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बांध कमिटीचे सखाभाऊ शाळेत आले. "बाई, पोरांना भिववू नका. बांध पक्का हाय. तुमीच सांगा त्यांना." दुरुस्ती झाली असं त्यांनीच गावाला सांगितलंय.

बाबा, इथे मघाशी लिहायचं थांबले होते. मी सांगितलं. त्यांच्या शेजारी उभी राहून, पोरांच्या तोंडावर.

ज्याला माहीत आहे आणि ज्याला खोटं बोलायचं कारण नाही, त्याचा शब्दही पुरावा मानावा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी मानला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या अमावास्या. उधाणाची भरती भर दुपारी, शाळा भरलेली असताना, आणि शाळा बांधाच्या पायथ्याशी. आज सुटताना सरूने विचारलं, "बाई, उद्या तुमी येनार ना?"

म्हटलं, येणार.

"मंग आमी पन येऊ. बाई येतात म्हंजे बांध पक्काच."

घरी थांबा म्हणूनही उपयोग नाही, घरंही बांधाखालीच. उद्या सकाळी शाळेला कुलूप घालून मी सगळ्यांना टेकडीवरच्या देवळात नेणार आहे. पण आधी त्यांना सांगणार आहे, की मी खोटं बोलले. सखाभाऊंना कळलंय. ते एवढंच म्हणाले, "नेऊन तर बघा."

हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. पाणी आलं नाही, तर माझी नोकरी जाईल आणि मी रोह्याला येईन. बाबा, मला फार भीती वाटते. देवापुढे बसाल तेव्हा मी घरी यावं एवढंच मागा.

उद्या चुकीची ठरू इच्छिणारी,
तुमची रंभा