बावगारू, तुम्ही पडद्यावर पिवळे दिसलात

पालकोल्लू
मंगळवार, सकाळ

वडीलधारे तम्मय्या बावगारू यांना, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा वीरभद्रम लेकीच्या सासरहून दोन्ही हात जोडून नमस्कार करतो (एका हातात पेन आहे, तरी जोडलेलेच समजावेत). तुमची बहीण कनकम तणुकूला घरी खुशाल आहे. तिच्या गुडघ्याला तेल चालू आहे आणि तोंडाला काहीही झालेलं नाही. अमलापुरमला तुमच्याकडे सगळे बरे असतील अशी आशा करतो. तुमची प्रकृती मात्र मुद्दाम कळवावी. भूक लागते का? डोळ्यांच्या कडा पांढऱ्या आहेत ना? रागावू नका, पण रविवारी मी तुम्हाला बारा फूट रुंद पडद्यावर पाहिलं आणि तुम्ही पाडाच्या आंब्यासारखे पिवळे दिसलात. पिवळेपणाचं कारण आता कळलं आहे आणि ते तुमच्या पोटात नव्हतं. तरीपण एकदा रक्त तपासून घ्या, माझा जीव टांगणीला राहणार नाही.

फोन केला नाही याचं कारण असं की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि या घरात ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून पुल्लाराव व्याह्यांच्या गिरणीची तांदळाची लॉरी आज दुपारी तुमच्याकडे निघते आहे, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतो आहे. (तो वाचत नाही. मी विचारून घेतलं. त्यालाही जरा राग आला.)

तर पुल्लारावांनी वरच्या माडीवर घरातल्या घरात सिनेमा करायचं ठरवलं. भीमावरमच्या त्यांच्या चुलतभावाने केला आहे, एवढं कारण त्यांना पुरलं. विजयवाड्याहून प्रसन्न नावाचा दुकानदार दोन प्रोजेक्टर घेऊन यायचा होता आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून एक निवडायचा होता. तेव्हा आपली सुवर्चला सासऱ्यांना म्हणाली, "दुकानदार त्याला विकायचं तेच चांगलं म्हणेल. माझ्या नान्नांना बोलवा. अडतीस वर्षं थिएटरात त्यांनी दुसरं काय पाहिलंय?" आणि त्यांनी मला आणायला गाडी पाठवली. चार वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला ठाऊक आहे, या घरात माझ्या मुलीची ओळख पाहुण्यांना कशी करून देतात ते. "रिळं फिरवणाऱ्याची मुलगी, पण कामाला चांगली आहे" असं विहीणबाई मंगतायारू म्हणतात, आणि तो 'पण' माझ्या कानात तणुकूपर्यंत वाजत येतो. म्हणून मी गाडीत बसताना ठरवलं की आज चित्राचा न्याय असा करायचा की पुन्हा तो 'पण' कुणी उच्चारणार नाही. रस्ताभर मला एकच काळजी होती. चित्राबद्दल नाही, चित्राबद्दल मला कधीच शंका नसते. काळजी डोळ्यांची होती.

कारण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून माझं असं झालं आहे की उजव्या डोळ्याने दूध निळसर दिसतं आणि डाव्याने चहासारखं. दोन्ही उघडे ठेवले की ठीक दिसतं, पण ते खरं ठीक की दोघांनी आपसात मिटवून घेतलेलं, ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, डावाही काढा. मी म्हणतो, तुलनेला एक जुना असू द्यावा.

माडीवर पोचलो तर अंधार आणि उकाडा. पूर्वेच्या खिडकीला गिरणीतली पोती टांगलेली, धानाचा वास, मधे दोन यंत्रं टेबलावर. खोली तीच, जिथे सुवर्चला शिवण शिकवते. नऊ जणी येतात तिच्याकडे. तिचं मशीन कोपऱ्यात ढकललेलं होतं. दुकानदार समजावून सांगत होता की पहिलं यंत्र उंची आहे पण त्याला खरा काळोख लागतो, पडद्याबिडद्याने भागणार नाही, खिडकी विटांनी बुजवून घ्या आणि भिंतींना काळा रंग द्या. दुसरं यंत्र झगझगीत, त्याला साधा पडदा ओढला तरी चालतं, दिवसा खोली मोकळी. पुल्लाराव म्हणाले, पहिलं घेतलं तर शिवण जिन्याखाली जाईल. सुवर्चला काही बोलली नाही. (मला वाटलं, तिला मान्य असेल. मुलगी बोलली नाही की बापाला बऱ्याच गोष्टी वाटतात.) पुल्लारावांचा जीव पहिल्यावरच होता. मी यायच्या आधी सकाळी त्यांनी नारळ फोडून, सुनेच्या हातून हळदकुंकू लावून पूजा केली होती ती त्या एकट्याचीच. दुसरं बिचारं नुसतं नाकारायला आणलेलं.

"ऑपरेटरगारू," पुल्लाराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बोट तुम्ही दाखवायचं, खिळा मी ठोकणार. मधे कुणी बोलायचं नाही."

"जन्मभर केबिनच्या भोकातून बघितलंय त्यांनी," विहीणबाई म्हणाल्या, "समोर बसून जमेल ना?"

सुवर्चलेने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझी छाती दोन बोटं फुगली.

दुकानदाराने आधी त्याची नमुन्याची चित्रं लावली. पोपट, पानावरचा थेंब, कुठल्या तरी देशातला धबधबा. मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, "बाबा, हा पोपट आपल्यापैकी कुणी पाहिलाय? तो खरा किती हिरवा आहे ते कोण सांगणार? आमच्या पोरीच्या लग्नाची फिल्म लावा." बावगारू, हे लिहून ठेवा, तुमच्या नातवंडांना उपयोगी पडेल. यंत्र पारखायचं ते ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरून. लग्नातली लाल काठाची पांढरी वस्त्रं मी स्वतः आणली होती, त्यांचा पांढरेपणा मला पाठ आहे. सुवर्चलेच्या वेणीचा काळेपणा मला पाठ आहे. आणि काळा सगळ्यात अवघड. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. जिथे उजेड टाकायचा नाही तिथे त्याला गप्प बसता आलं पाहिजे. हलकं यंत्र गप्प बसत नाही, तिथेही थोडं बरळतंच, आणि वेणी राखेने घासल्यासारखी दिसते. हे मी बोललो तेव्हा दुकानदारसुद्धा आकडे सांगायचा थांबला.

पहिल्यावर फिल्म सुरू झाली आणि मांडवभर कावीळ. वस्त्रं पिवळी, भटजी पिवळे, तुम्ही दुसऱ्या पंगतीत लाडू मोडत होता ते लाडवाहून पिवळे. शिवाय मधोमध सगळं धुक्यात. मी पहिल्यांदा डाव्या डोळ्याला दोष दिला. तो मिटला, उजव्याने पाहिलं, पिवळं. उजवा मिटला, डाव्याने पाहिलं, जास्त पिवळं. पुन्हा हा, पुन्हा तो. विहीणबाई समोरच बसल्या होत्या. "अन्नय्यागारू," त्या मला जरा सावरून म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलंय का?" माझी काय अवस्था झाली असेल ती तुम्हीच समजून घ्या. पण त्यातून एक सिद्ध झालं की पिवळेपणा दोन्ही डोळ्यांना दिसतो, म्हणजे तो माझा नाही, यंत्राचा आहे. दुकानदार रिमोटची बटणं दाबत होता, वायर काढून फुंकर मारत होता. दुसऱ्या यंत्रावर पाहिलं तर वस्त्रं पांढरी, तुम्ही गव्हाळ, वेणी जरा राखाडी, पण माणसं माणसांसारखी. मी उभा राहिलो आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. म्हटलं, "हे. पहिलं परत न्या. तणुकूत मी असं चित्र टाकलं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या."

पुल्लारावांचं तोंड उतरलं. पूजा केलेलं यंत्र परत पाठवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं, पण शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. "ठीक. ऑपरेटरगारू म्हणाले, संपलं," म्हणून सगळ्यांना बज्जी आणि कॉफीसाठी बोलावलं. पोती बाजूला झाली, उजेड आला. मी इथेच खाली उतरलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण ऑपरेटरची सवय अशी की लेन्समध्ये डोकावल्याशिवाय तो खोली सोडत नाही. डोकावलो. लेन्सच्या काचेवर, बरोबर मधोमध, हळदीचा सुपारीएवढा टिळा आणि त्यात कुंकवाचा ठिपका. आपल्याकडे लॉरीच्या दिव्याला लावतात तसा. आणि सकाळी हळदकुंकू कुणी लावलं होतं? माझ्या मुलीने.

दुकानदार चार हातांवर होता. त्याने पाहिलं असतं तर "हे कुणी केलं?" असं ओरडला असता, आणि मग जन्मभर विहीणबाईंनी पाहुण्यांना सांगितलं असतं की ऑपरेटरची मुलगी, पण दिवा कुठला आणि काच कुठली ते कळत नाही. मी विचार केला नाही. वाकलो, काचेवर तोंडाची वाफ सोडली, उपरण्याच्या टोकाने पुसून काढलं आणि मोठ्याने म्हणालो, "थांबा! माझं चुकलं. या जातीच्या यंत्राचा दिवा वीस मिनिटं तापल्याशिवाय रंग देत नाही. पुन्हा पोती टांगा."

टांगली. लावलं. बावगारू, खोटं बोलायचं नाही, चित्र असं होतं की मला रडू आलं. वस्त्रं पांढरी, तुम्ही गव्हाळ, आणि वेणी अशी काळी की तिच्यात हात घालावा. यंत्र गप्प बसत होतं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, दोन्हींचं एकमत. पुल्लारावांनी मला मिठीच मारली. दुकानदार माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत होता, पण उंची माल खपला, तो कशाला बोलतोय! विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात दोन बज्ज्या जास्त वाढल्या. फक्त सुवर्चला खायला बसली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय. काळोखाने दुखलं असेल.

तर असा तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा मान राहिला आणि तुमच्या भाचीचाही. गवंडी गुरुवारी येणार आहे. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावर हात.

तुमचा
वीरभद्रम

ता.क. एक छोटं काम. पुल्लाराव शुक्रवारी तुमच्याकडे येतील आणि वीस मिनिटांची गोष्ट काढतील, कारण ती ते भेटेल त्याला सांगत आहेत. काल शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी वीस मिनिटं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अंधारात बसवून ठेवलं. तुम्ही फक्त "हो, आमच्या वीरभद्रमने मला पूर्वीच सांगितलं होतं" एवढं म्हणा.

ता.क. वरचं काम रद्द. पाकिटावर पत्ता घालायला पत्र सुवर्चलेकडे दिलं (माझी ओळ उतरते) आणि तिने सगळं वाचलं. वाचून म्हणाली, "नान्ना, हळद मशीनला कुठे लावायची ते मला कळत नाही, असं वाटलं तुम्हाला? चार वर्षं रोज शिवणाच्या मशीनला लावते. सुईला लागलीय कधी?" आणि पुढे म्हणाली, "तुम्हाला मी का बोलावून घेतलं? पिवळं दिसलं की तुम्ही पिवळंच म्हणणार, कुणाला भिऊन पांढरं म्हणणार नाही म्हणून. आणि म्हणालातही! मग उठून पुसायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, पोरी, तुझी लाज राखली. ती म्हणाली, "लाज होती तिथेच होती. खिडकी गेली." मी तसाच खाली गेलो आणि पुल्लारावांना सांगितलं की वीस मिनिटं वगैरे सगळं थाप आहे, मी नुसती काच पुसली, धूळ होती. (हळद म्हणता येईना, तिचं नाव आलं असतं.) ते हसायला लागले. "धूळ पुसून एवढा फरक? खरा जाणकार असाच बोलतो बघ," असं विहीणबाईंना म्हणाले. मी म्हटलं, दुसरं यंत्र घ्या, तेच बरं. तर म्हणाले, "माझा खर्च वाचवायला बघताय, होय ना?" विहीणबाई म्हणाल्या, "अन्नय्यागारू देवमाणूस आहेत." चार वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो या वेळी आला. तेव्हा आता खरं काम असं. वास्तूच्या बाबतीत पुल्लाराव फक्त तुमचं ऐकतात. तुमच्या शब्दावर त्यांनी गिरणीचं फाटक हलवलं. गुरुवारच्या आत या आणि पूर्वेची खिडकी बुजवली तर काय काय होतं ते चेहरा लांब करून सांगा. काय होतं ते मला ठाऊक नाही, पण बरंच होऊ द्या.

ता.क. गुरुवार विसरा. गवंडी आत्ताच विटा घेऊन आला आहे. सुवर्चलेने मशीन ओढून खिडकीला लावलं आहे आणि म्हणते आहे की लग्नसराईचे अठरा ब्लाऊज आहेत, ते संपल्याशिवाय तिला हलता येणार नाही. गवंडी तिसरी कॉफी पितो आहे, पुल्लाराव जिन्यात येरझारा घालत आहेत, आणि सुनेला ऊठ म्हणायला विहीणबाईंनी मला वर पाठवलं. मी वर आलो, तिच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि हुक लावतो आहे. लॉरी माल उतरवून लगेच परत येते, ड्रायव्हरच्या शेजारी बसून या. चौथा ब्लाऊज चालू आहे. खिडकीतला उजेड फार चांगला आहे.