मशीनचा खण

प्रिय धाकटे,

घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं. हसू नकोस. लहानपणीही तू माझ्या अक्षराला मुंगळ्यांची शर्यत म्हणायचीस.

मी केंद्रावर मुलींना शिवण शिकवते, ते तुला आवडत नाही. 'ताई, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस,' म्हणतेस. भांडणाऱ्या गल्ल्यांतल्या पोरांना हक्काचं एक मोठं माणूस असावं, एवढाच आमचा खटाटोप. शिवण निमित्ताला. नेम एकच: येताना जवळ जे असेल ते माझ्या मशीनच्या खणात ठेवायचं. मी बघत नाही, विचारत नाही, जाताना ज्याचं त्याला परत देते.

माझ्या वाट्याला आलेली पोर म्हणजे भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ! काजं करताना सुईपेक्षा तोंडच जास्त चालतं. काल मात्र गप्प होती. जाताना म्हणाली, 'ताई, आज मला माझं परत देऊ नका.' पहिल्यांदाच मी खणात पाहिलं. फडक्यात सुरा होता. भावाने तिच्या दप्तरात लपवलेला. मुलीचं दप्तर कोण तपासतंय! संध्याकाळी त्याच्या टोळीची दुसऱ्या गल्लीशी मारामारी ठरली होती. सुरा पोचलाच नाही. केंद्राच्या मोठ्या बाईंनी तो पोलिसांत दिला, पोलिसांनी भावाला नेलं. त्याचे साथीदार मोकळेच आहेत.

सकाळपासून त्यांतले दोघे माझ्या दारासमोर मोटारसायकलवर बसलेत. एकाने विचारलं, 'काय मावशी, आज शिकवणीला सुट्टी?' किती गोड बोलला गं! मी दार लावून कडी घातली. भिंगरी रात्रीच माझ्याकडे लपायला आली, आत ओट्याखाली बसलीय, आणि तिथून मलाच सांगतेय, 'ताई, घाबरू नका.' थोड्या वेळाने तिची आई मागच्या बोळातून येऊन तिला बसमध्ये बसवून देईल.

तुझ्या गालावरचा वार भिंगरीच्याच गल्लीतला. भांडण त्यांचं, तू नुसती रस्त्याने चालली होतीस. तेव्हाच तू शहर सोडलंस, आणि अजून कडी वाजली की श्वास रोखून बसतेस. कडीचा आवाज किती मोठा असतो, ते मला आज कळलं.

म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. भिंगरीला सांगितलंय, माझी बहीण दार उघडत नाही. कडी वाजवू नकोस, पत्र दाराखालून सरकव आणि थांब. हो, ती त्याच गल्लीतली आहे, तुझ्यापासून लपवत नाही. एका जागी न बसणारी ती पोर आत्ता तुझ्या पायरीवर गप्प बसली असेल. दार उघड.

तुझीच भित्री,
ताई