नावाडीण गेली, बरं केलं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, डोके ठिकाणावर आणि हात स्थिर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. ते ऐकले आणि मी तडक वकीलबाईंकडे गेले.

१. राहते घर, तळमजल्यावरच्या तीन खोल्या, माझ्या एकटीच्या नावावर आहे. पुढच्या खोलीत माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, राहतो. तो वायरमन होता. सत्तावीस वर्षांपूर्वी खांबावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याच आठवड्यात मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दंतप्रयोगशाळेचे नेमणूकपत्र आले होते. ट्रंक भरून झाली होती. आमची थोरली बहीण, ताई, म्हणाली, "तो उठून बसेपर्यंत थांब." दादा उठून बसला त्यालाही सव्वीस वर्षे झाली. पुढची खोली दादा हयात असेतो त्याची. त्याला तिथून कोणी हलवू नये.

२. मागच्या खोलीतली माझी हत्यारे, मेणाचे चाकू, साचे, घासायचे यंत्र, हे सर्व कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यावे. त्यांनी माझ्या कवळीला कधी नाव ठेवले नाही. प्लास्टरची भुकटी ओढून घेणारा पंखा मात्र यादीत नाही, कारण तो मी कधी घेतलाच नाही. का, ते पुढच्या कलमात.

३. दादाच्या डिस्क. पडून पडून त्याचा वेळ जाईना म्हणून मी एक जपानी अ‍ॅनिमे मालिका टेपवर आणली होती. एक मुलगी दोर ओढत माणसांना नावेने नदीपार नेते. शेवटच्या भागात सगळे गाव पलीकडे निघून जाते आणि ती एकटी नाव घेऊन अलीकडे परत येते, न जाणो, अजून कोणी यायचे राहिले असेल. दादा त्या शेवटाला दरवेळी रडायचा. टेपा झिजल्या तेव्हा डिस्क आल्या. मग चित्र स्वच्छ केल्याची जाहिरात करून तीच मालिका खास पेटीत आली. एका डिस्कवर जेमतेम तीन भाग, सोबत एक कापडी नकाशा आणि बोटाएवढे लाकडी वल्हे. तिच्या किमतीत माझा पंखा येऊन वर चार पैसे उरले असते. दादाने हट्ट धरला. पंखा राहिला. ही पेटी दादाचीच आहे. त्याच्यानंतर कोणाला हवी असेल त्याने न्यावी, पण पैसे देऊन घेऊ नये.

४. इथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी ती मालिका नव्याने काढली. चाहत्यांच्या संकेतस्थळावर दादा 'जुनंवल्हं' या नावाने लिहायचा. नव्या चित्रात जीव नाही, नदी प्लास्टिकची वाटते, आवाज उसना आहे, असे रोज पानपानभर. त्याच्याशी वाद घालणारी एकच व्यक्ती टिकून होती, तिचे नाव 'पैलतीर'. ती मी. तो पुढच्या खोलीत टंकायचा, मी मागच्या खोलीत कवळ्या सुकत ठेवून उत्तर द्यायचे, आणि मधल्या खोलीत आम्ही एकत्र जेवायचो. "त्या पैलतीरला काडीची अक्कल नाही," असे तो मलाच सांगायचा आणि मी त्याला आमटी वाढायचे.

आमचे एकदाच एकमत झाले. नव्या मालिकेचा शेवटचा भाग दाखवलाच नाही, तो फक्त डिस्कच्या पेटीत विकायला ठेवला आणि किंमत अशी की डोळे पांढरे व्हावेत. ही दिवसाढवळ्या लूट आहे, असे दोघांनीही लिहिले. दादाने बहिष्कार घातला. मी गुपचूप ती पेटी मागवली आणि कानात इअरफोनची बोंडे घालून एकटीने पाहिली. नव्या शेवटात ती मुलगी स्वतःही पलीकडे जाते, नाव तिथेच बांधते आणि चालू लागते. मी लिहिले, नावाडीण गेली, बरं केलं. त्यावर जुनंवल्ह्याने लिहिले, जी राहते तीच खरी. मी विचारले, ती प्रेमाने राहिली की कोणी 'जा' म्हणाले नाही म्हणून? तीन दिवस उत्तर आले नाही.

चौथ्या दिवशी जेवताना दादाने मलाच विचारले, "तिने जाताना मागे वळून पाहिलं का गं?"

मी नाही म्हणाले. तोंडातून गेल्यावर कळले की मी पाहिलेय हे त्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. मग सांगून टाकले, पैलतीर मीच. त्याने ताट बाजूला सारले. वाद इतका घरावर आल्यावर कळायला फार अक्कल लागत नाही, असे तो म्हणाला. मग म्हणाला, "तू तेव्हा गेली असतीस तर मी चिडलो असतो. मेलो नसतो."

मी विचारले, मग हे सत्तावीस वर्षांत एकदा तरी का नाही बोललास?

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, "आणि मी आपणहून सांगितलं असतं तर सकाळचा चहा कोणी दिला असता?"

तो खोटे बोलला नाही एवढे त्याच्या पदरात घालते. मी त्याला माफ केले असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशीही चहा मीच दिला. जायचे कुठे, हेच आता मला सुचत नाही.

५. शिल्लक ठेवीतून दादासाठी पगारी माणूस ठेवावा, सकाळ-संध्याकाळ.

६. दादाच्या पश्चात हे घर ताईच्या मुलीला मिळावे. तिचे वय तेवीस. रविवारी येऊन ती मामाचे केस धुते, आणि माझ्या झडपेची बातमी कळल्यापासून सगळे नातेवाईक तिच्याकडे पाहून म्हणू लागले आहेत, "आता ही आहेच." ताईसुद्धा. म्हणून अट घालते. माझी भाची मामाच्या सेवेसाठी या घरात सलग पंधरा दिवसांहून जास्त राहिली, तर तिचा घरावरचा हक्क संपेल आणि दादानंतर घर विकून येईल ते सरकारी दवाखान्याला जाईल. वकीलबाईंनी दोनदा विचारले, उलटे तर लिहीत नाही ना? उलटे नाही. कोणी तिला थांब म्हटले, तर तिने हा कागद दाखवावा आणि माझे नाव पुढे करावे. मेलेल्या मावशीला शिव्या बसल्या तर बसू देत.

७. कलम पाच मी जगले तरीही लागू आहे. मृत्युपत्रात असे लिहिता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, राहू द्या. माणूस ठरला आहे, बुधवारपासून येतो. दादाला आज सकाळी सांगितले. त्याने फक्त विचारले, माझ्या चहात साखर किती ते त्याला सांगितलंस का?

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यादेखत तिने हे वाचून सही केली, वाचताना एकदाच थांबली. साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर २. समोरची शिवणकामवाली

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार