पाठमोऱ्या पेट्या

माय,

झरीच्या रस्त्याकडची मधमाश्यांची पेटी फिरलेली दिसली ती दुपार मला अजून लख्ख आठवते. सूर्यफूल ऐन भरात होतं. आपण दोघी बांधावरून चाललो होतो आणि तू एकदम थांबलीस. पेटी जागेवर होती, झाकण होतं, झाकणावरचा दगडही होता. पण पेटीचं दार तू नेहमी उगवतीकडं ठेवायचीस, ते मावळतीकडं गेलं होतं. आणि जिथं दार असायचं तिथं, नुसत्या हवेत, माश्यांचा पुंजका घुमत होता. रानातून परतलेल्या माश्या त्या. घर हातभरावर होतं, तरी त्या जुन्या जागीच दार शोधत होत्या. तू म्हणालीस, "शिवू नको." मग पेटीभोवती फिरून आलीस. पेटीखालची जमीन कुणीतरी झाडून काढली होती. काडी नाही, पाऊल नाही. मधाला हात लागलेला नव्हता. "चोर न्हाई," तू म्हणालीस. "चोर परवडला असता."

विद्यापीठाच्या नावावरून आपल्या बौद्धवाड्यातली घरं जळली, त्यानंतर तू गावातली रोजंदारी सोडलीस आणि मधमाश्यांचं शिकून आलीस. पेट्या गावच्या शिवारात ठेवायच्या नाहीत हे तू तेव्हाच ठरवलं होतंस. एक झरीकडं, एक पाथरीच्या वाटेवर धनगराच्या पडकात, दोन चुडाव्याला रुळालगत. ज्याच्या रानात पेटी, त्याला तेवढं ठाऊक. बाकी कुणी विचारलं तर "हाय तिकडं" म्हणून तू हात हलवायचीस, आणि तो हात कोणत्याच दिशेला नसायचा. मला वाटायचं, मधासाठी लपवतेस. पेटीची जागा सांगणं म्हणजे तू एकटी कोणत्या वाटेनं जातेस, कुठल्या झाडाखाली भाकर सोडतेस, सगळंच सांगणं, हे मला फार उशिरा कळलं.

मधाच्या कचेरीतले साहेब माणूस वाईट नव्हते. चुडाव्याच्या एका पेटीपुढं फवारणीनं मेलेल्या माश्यांचा ढीग पडला, तेव्हा तेच धावत आले होते. आपल्या ओसरीवर बसून ते सांगतायत, तू उभीच आहेस. जागा लिहून दिल्या तर औषध मारायच्या आधी शेतकऱ्यांना निरोप देता येईल, माश्या वाचतील.

"कागद कुठं ऱ्हाईल सायेब?"

"माझ्या कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडंच."

तू मेलेल्या माश्यांकडं बघितल्यासारखं जमिनीकडं बघितलंस, आणि म्हणालीस, "मग लिवा."

तो कागद कपाटाबाहेर गेल्याचं आपल्याला गिरणीत कळलं. दळण घेऊन आपण रांगेत होतो. गावातला एक माणूस पोत्यावर बसला होता. घरं जळली त्या दिवशी तो कुठं होता हे आपल्याला माहीत होतं, आणि आपल्याला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तो हसून म्हणाला, "मावशी, आज झरीला का चुडाव्याला?" त्यानं तुला त्याआधी कधी मावशी म्हटलं नव्हतं. आवाजात धमकी नव्हती, काहीच नव्हतं. तू पीठ घेतलंस, पैसे दिलेस आणि वाटेत एवढंच बोललीस, "चावडीवर लावलाय वाटतं." खरंच लावला होता. तुझं नाव, गाव, कुठल्या गटात कुठल्या बांधाला किती पेट्या, सगळं टंकलेलं. फवारणीचा निरोप मात्र शेवटपर्यंत कुणाला आला नाही.

मग झरीची पेटी फिरली. मग चुडाव्याची. तिथं तर आपण पॅसेंजरमधून उतरून गेलो, तर पेटीला हात लावणारं माणूस मैलभर दिसलं नाही. दार दुसरीकडं, खालची जमीन झाडलेली. तू सरळ करून यायचीस, पुढच्या खेपेला पुन्हा पाठमोरी. पोलिसांत जाऊ म्हटलं तर तू म्हणालीस, "काय सांगू? पेटीनं तोंड फिरवलं म्हणून?"

साहेबांकडं मात्र गेलीस. माझं नाव खोडा म्हणालीस. त्यांनी खोडलं, खाली मान घालून सांगितलं की नकला गावोगाव गेल्यात, त्या आता परत कशा आणायच्या. "बाई, मी चांगल्यासाठीच केलं हो."

"चांगलंच केलं सायेब," तू म्हणालीस. "पण तुमी माश्यांची जागा न्हाई सांगितली. माजी वाट सांगितली."

त्याच आठवड्यात तू नव्या पेट्या आणल्यास. दिवस मावळताना माश्या पोळ्यांसकट त्यांत घेतल्यास आणि एका ओळखीच्या बैलगाडीवर घालून घेऊन गेलीस. मला नेलं नाहीस. जुन्या पेट्या रिकाम्या, जिथल्या तिथं ठेवल्यास. "कुणी विचारलं तर तुला खरंच ठावं नसावं," एवढं म्हणालीस.

त्यानंतर एकदा धनगराची बायको बाजारात भेटली. लोकर विकायला आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमची रिकामी पेटी फिरायलीय ना बाई. सकाळी इकडं तोंड, दुपारी तिकडं. आमची कुत्री लय तिखट, पण भुंकत न्हाईत." मी घरी येऊन तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस.

नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं, मोर्चे निघू लागले, तेव्हा झरीची पेटी जळाली. आपण गेलो तर राखेचा चौकोन होता, आणि चारी बाजूंचं सूर्यफूल जसंच्या तसं, एक पान करपलेलं नाही. त्या रानाचा शेतकरी हात जोडून सांगत होता, मी रानातच होतो, मला धूरसुद्धा दिसला न्हाई. तू राखेकडं बराच वेळ बघितलंस. मग तुझा चेहरा सैल झाला. "रिकामी होती," तू म्हणालीस आणि चालू लागलीस.

विद्यापीठाला नाव लागलेलं तू बघितलंस, त्यानंतर बरीच वर्षं जगलीस. दर हंगामाला मध घेऊन यायचीस. त्याला असल्या फुलांचा वास असायचा, जी मी आपल्या भागात कधी पाहिली नाहीत. त्या माश्या कुठं होत्या, मला आजही माहीत नाही.

आता माझ्या स्वतःच्या पेट्या आहेत. मागच्या महिन्यात एक मुलगी आली, हातात मोबाईल. पेट्यांच्या जागा नकाशावर टाका काकू, फवारणीआधी मेसेज येईल, माहिती फक्त आमच्याकडं राहील. मुलगी गोड होती. शेजाऱ्याच्या सगळ्या माश्या गेल्या वर्षी औषधानं मेल्या, त्यांना खराट्यानं गोळा करावं लागलं. मी एका पेटीची जागा सांगितली. खरी सांगितली.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. त्या पेटीकडं मी आता एकटी जात नाही. तुराट्या आणू म्हणून शेजारणीला बरोबर घेते. तिला वाटतं, मला तिची सोबत आवडते. परवा बांधाजवळ पोचल्यावर मी चपलेत काटा गेल्याचं निमित्त करून खाली बसले, आणि पेटीकडं तिला पुढं जाऊ दिलं.